घाट उतरण्याआधीचा घास

निपाणीजवळच्या एका खेड्यात, चैत्रातल्या एका संध्याकाळी, गाडी भरताना मी उभा होतो. शेडमध्ये चाळीसेक पांढरी डुकरं. पिकअप मागे घेऊन बांधाला टेकवलेली आणि मध्ये उतरती फळी. पहिली पाच-सहा जनावरं आरडाओरडा करत का होईना, चढली. सातवं फळीच्या तोंडाशीच थांबलं. जबडा उघडा, धाप लागलेली, शेपटीचं टोक थरथरतंय. बघता बघता त्याच्या कानांवर आणि पोटाखाली लालसर-जांभळे डाग उमटले आणि मागचे पाय खाली बसले. मालकाने काठी फेकून दिली, पाण्याची बादली आणली, माणसांना बाजूला केलं. अर्ध्या-पाऊण तासाने ते उठलं आणि त्या दिवशी ते गाडीत गेलं नाही. तेव्हा मालकाने मला विचारलं, "डॉक्टर, आधी गूळपाणी पाजलं असतं तर हे झालं नसतं काय? कोंबडीवाले तर गाडी भरायच्या आधी पुडी देतात."

साध्या वाटणाऱ्या या प्रश्नावर जगभर सत्तर वर्षं संशोधन चालू आहे आणि उत्तरं एकमेकांशी पुरती जुळलेली नाहीत. प्रवासाआधी खाद्यातून किंवा पाण्यातून काही दिलं तर डुकराचा ताण कमी होतो का, होत असेल तर कशाने, किती, आणि तो खर्च कुणी करायचा, याचा हा आढावा. तो बेळगाव-निपाणी भागातून लिहितो आहे, कारण इथल्या रस्त्याला, हवेला आणि खाद्याला धरून पाहिलं की बाहेरच्या बऱ्याच निष्कर्षांचं वजन बदलतं.

रस्ता

बेळगावचा पशुपालक बाजारासाठी पश्चिमेकडे पाहतो. भाजीपाला, दूध, अंडी, कोंबड्या असं बरंच काही इथून गोव्याला उतरतं. डुकराच्या मटणाचंही तसंच आहे. कर्नाटकाच्या या कोपऱ्यात त्याला गिऱ्हाईक मर्यादित आहे. घाटाखाली मात्र सोरपोतेल आणि चोरीस हे सणावाराचे, लग्नाकार्याचे पदार्थ आहेत. गोव्यात अगोंद गोअन ही डुकराची स्थानिक जात अधिकृतपणे नोंदवली गेली आहे आणि जुन्या गोव्यातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत तिच्यावर काम झालं आहे. घरामागे डुकरं पाळण्याची तिथली रीत मात्र आटत चालली आहे. देशातही चित्र फार वेगळं नाही. २०१९ च्या पशुगणनेत डुकरांची संख्या ९०.६ लाख भरली, आधीच्या गणनेपेक्षा सुमारे १२ टक्के कमी.

आपल्याकडे पिढ्यानपिढ्या डुकरं सांभाळली ती वडार, कैकाडी अशा समाजांनी. त्यांची काळी, चपळ, गावठी जनावरं पायी हिंडायची, गाडीचा प्रश्नच नव्हता. लार्ज व्हाइट यॉर्कशायर, लँडरेस, ड्यूरॉक आणि त्यांचे संकर शेडमध्ये आले आणि शंभर किलोच्या जनावराला आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं गाडीत चढवण्याची वेळ आली.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर आहे. चोर्ल्याच्या घाटाने पणजी सव्वाशे किलोमीटरच्या आत. निपाणीहून निघालं तर त्यात आणखी पाऊणशे किलोमीटर मिळवायचे, किंवा संकेश्वर-गडहिंग्लज-आजऱ्यावरून आंबोली उतरायची. भरल्या गाडीला हे तीन ते पाच तासांचं काम. अंतर फार नाही, पण वळणं सतत, ब्रेक सतत, आणि दोन-अडीच तासांत कोरड्या उन्हातून दमट उकाड्यात उतरणं. डुकराला अंगभर घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी असून नसल्यासारख्याच. गरमी बाहेर टाकायला त्याच्याकडे दोनच वाटा, चिखलात लोळणं आणि धापा टाकणं. गाडीत चिखल नसतो, आणि दमट हवेत धापेतून निघणारी वाफ पुरेशी उडत नाही. वाढलेल्या डुकराला साधारण २५ अंशांच्या वर गरमी जाचू लागते हे लक्षात घेतलं, तर एप्रिल-मेच्या दुपारी घाट उतरणारी गाडी म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

ताण मांसात उतरतो तेव्हा

शरीराच्या ताणाची संकल्पना हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये मांडली. डुकराच्या धंद्यात मात्र हा विषय आला तो खाटकाच्या सुरीवाटे. १९५० च्या दशकात डेन्मार्कमध्ये लुडविगसन यांनी फिकट, मऊ, पाणी सुटणाऱ्या मांसाची नोंद केली. लोण्यासारखं ढिलं, तव्यावर टाकलं की आकसणारं आणि पाण्यात डबडबणारं हे मांस कारखान्यांना नको होतं. उलट बाजूला गडद, घट्ट, कोरडं आणि लवकर खराब होणारं मांसही दिसत होतं. दोन्हींचं मूळ एकच, कापण्याआधीचा ताण. फरक आहे तो ताण कधी आणि किती वेळ आला याचा.

स्नायूमध्ये ग्लायकोजेन नावाची साखरेची शिदोरी असते. जनावर मेल्यानंतर ती आंबते आणि तिचं लॅक्टिक आम्ल होतं. जिवंत स्नायूचा सामू सातच्या आसपास असतो, तो चोवीस तासांत हळूहळू साडेपाच-पावणेसहावर यावा हे उत्तम. कापण्याच्या तोंडावर जनावर भेदरलं तर ही आंबण्याची क्रिया धावत सुटते. शरीर अजून गरम असतानाच, पाऊण तासात, सामू सहाच्या खाली येतो आणि गरमी व आम्ल यांच्या जोडीने प्रथिनं सैल पडतात. मांस फिकट होतं, पाणी सोडतं. याउलट लांबचा प्रवास, उपास, भांडणं यांत शिदोरी आधीच संपली असेल तर आम्ल होणारच कशातून? सामू सहाच्या वर अडकतो आणि मांस गडद, कोरडं राहतं.

पुढच्या सगळ्या वादाची किल्ली यातच आहे. लहान आणि तीव्र ताणाला जो उपाय चालतो, तोच लांबट ताणाला उलटा पडू शकतो.

जनुकाने घेतलेलं वळण

१९६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत एका आजाराला डुकराचा ताण-लक्षणसमूह असं नाव मिळालं. काही डुकरं जरा पळवली, भांडली किंवा उन्हात नेली की ताठरतात, ताप चढतो आणि कोसळतात. १९७० च्या दशकात नेदरलँड्समध्ये हॅलोथेन या भुलीच्या वायूची चाचणी निघाली. तो हुंगवल्यावर जे पिल्लू ताठरलं ते या दोषाचं. १९९१ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी नेमकं जनुक शोधलं. स्नायूच्या पेशीत कॅल्शियम सोडणारा जो दरवाजा असतो, त्याच्या बांधणीतला एकच दुवा बदललेला होता. दरवाजा नीट मिटत नाही, कॅल्शियम वाहत राहतं, स्नायू आखडत राहतो आणि तापतो. पिएट्रेन आणि बेल्जियन लँडरेस या मांसल जातींत हा दोष फार होता, यॉर्कशायरमध्ये कमी.

रक्ताच्या थेंबावरून दोष ओळखता येऊ लागल्यावर डेन्मार्कसारख्या देशांनी तो पैदाशीतून काढून टाकला. तिथे वाटेत मरणाऱ्या जनावरांचं प्रमाण दहा हजारांत एखाद्यावर आलं. अमेरिकेत ते हजारामागे दोन-तीन असं राहिलं. म्हणून पैदासशास्त्राच्या बाजूने बोलणारे सांगतात की पुड्या शोधण्याआधी पैदाशीचा नर तपासा. बोलणं खरं आहे. पण दोष नसलेली जनावरंही उन्हात, दाटीत, आरडाओरड्यात कोसळतात आणि त्यांचंही मांस बिघडतं. आपल्याकडे तर लहान फार्मवर हा नर हातोहात फिरतो, त्याची जनुकचाचणी कोण करतं? निपाणीजवळच्या त्या फळीवर बसलेल्या जनावरात दोष होता की नुसती गरमी, हे मला आजही सांगता येणार नाही.

मॅग्नेशियम

खाद्यपूरकांमध्ये सगळ्यात जास्त आशा आणि सगळ्यात जास्त वाद याच एका क्षाराभोवती आहे. कल्पना सरळ आहे. कॅल्शियम स्नायू आखडवतं, मॅग्नेशियम त्याला अडवतं. शिवाय नसांच्या टोकाशी ताणाची संप्रेरकं सुटण्यालाही ते लगाम घालतं. मग कापण्याच्या काही दिवस आधी रक्तात मॅग्नेशियम वाढवलं तर?

१९९८ मध्ये ऑस्ट्रेलियात डॅरिल डिसूझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे करून पाहिलं. शेवटचे पाच दिवस डुकरांना रोज ४० ग्रॅम मॅग्नेशियम अॅस्पार्टेट दिलं. कापण्याआधी काहींना शांतपणे हाताळलं, काहींना मुद्दाम विजेच्या काठीने हाकललं. मॅग्नेशियम घेतलेल्या जनावरांच्या रक्तात नॉरअॅड्रेनलिन कमी भरलं, मांसातून पाणी कमी सुटलं, फिकट मांसाचं प्रमाण खाली आलं. अॅस्पार्टेट महाग, म्हणून पुढे त्यांनी सल्फेट आणि क्लोराइड हे स्वस्त प्रकारही वापरले. गुण जवळपास तसाच आला आणि मुदतही कमी करता आली.

त्यानंतर उत्साहाने अनेक ठिकाणी हेच प्रयोग झाले आणि निकाल फाटले. कुठे पाणी सुटणं कमी झालं पण रंगात फरक नाही, कुठे रक्तातला क्षार वाढला पण मांसात काहीच दिसलं नाही, कुठे पिण्याच्या पाण्यातून देऊनही परिणाम पुसट. बेल्जियममध्ये लूव्हेन विद्यापीठाच्या गटाने डुकरांना थरथरणाऱ्या मंचावर उभं करून गाडीच्या प्रवासाची नक्कल केली आणि मॅग्नेशियम, ट्रिप्टोफॅन, ई जीवनसत्त्व, वनौषधी असे उपाय तपासून पाहिले. काही खुणांवर थोडा फायदा दिसला, सगळ्यांवर नाही.

निकाल असे का फाटतात, याची तीन कारणं अभ्यासक देतात आणि मला ती पटतात. पहिलं, जनावरात दोषी जनुक असेल किंवा हाताळणी वाईट असेल तिथे मॅग्नेशियमला काम करायला जागा असते. जनावर धडधाकट आणि गाडी शांत असेल तर सुधारण्यासारखं काही उरतच नाही. दुसरं, क्षाराचा प्रकार. मॅग्नेशियम ऑक्साइड स्वस्त पण पोटात कमी शोषलं जातं. सल्फेट म्हणजे आपलं जुलाबाचं मीठ, मात्रा थोडी चढली की हगवण, आणि प्रवासाआधी हगवण लागलेलं जनावर म्हणजे पाण्याची तूट ओढवून घेणं. तिसरं, आधीच्या खाद्यात किती मॅग्नेशियम होतं याचा हिशेब. मक्याचा भरडा आणि सोयापेंड मोजून घालणाऱ्या फार्मवर तो सांगता येतो. हॉटेलातलं खरकटं उकळून घालणाऱ्या आपल्या शेडवर रोजचा घास रोज वेगळा असतो.

ट्रिप्टोफॅन, म्हणजे मका आणि सोयाबीनची गोष्ट

ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल मेंदूत सेरोटोनिन बनवायला लागतं आणि सेरोटोनिनचा संबंध शांतपणाशी आहे. १९९२ मध्ये कॅनडात अडेओला आणि बॉल यांनी ताण दिलेल्या डुकरांना ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन जास्त देऊन फिकट मांस कमी होतं का ते पाहिलं. निकाल आशा वाढवणारा होता. पुढच्या अभ्यासांत अनोळखी जनावरं एकत्र केल्यावरची भांडणं कमी होणं आणि ताणानंतर कॉर्टिसोल लवकर उतरणं, असे फायदे दिसले. मांसाच्या प्रतीवरचा परिणाम मात्र कधी दिसला, कधी नाही.

आपल्या भागाला हा मुद्दा जवळचा आहे. बेळगाव जिल्ह्यात मका भरपूर, आणि निपाणी-चिकोडीच्या बाजूला सोयाबीन. मका ट्रिप्टोफॅनच्या बाबतीत कोरडा. सोयापेंडीत ते मक्याच्या सुमारे दहापट. सोयापेंडीचा भाव चढला की शेतकरी पहिला हात तिलाच आखडता घेतो आणि जनावर मक्यावर ढकलतो. अशा जनावराला प्रवासाच्या आठवड्यात महागडी पुडी देणं आणि तीन महिने सोयापेंड नीट घालणं यांतलं पोटात काय जास्त उतरेल, याची नुसती तुलनाही कुणी केलेली दिसत नाही. शिवाय नुसतं ट्रिप्टोफॅन वाढवून भागत नाही. मेंदूत शिरायच्या दाराशी त्याची इतर अमिनो आम्लांशी चढाओढ असते, त्यामुळे बाकीच्या प्रथिनांचं प्रमाणही पाहावं लागतं.

गूळपाणी

त्या मालकाचा प्रश्न याच जागेवरचा होता. साखर देणं हा जुना उपाय आहे. बेकनच्या धंद्याची भरभराट होती त्या दशकांत युरोप-कॅनडात कापण्याआधी डुकरांना साखर खाऊ घालून पाहिली होती. हेतू असा की लांबच्या प्रवासाने रिती झालेली स्नायूतली शिदोरी भरावी, सामू नीट उतरावा, बेकन टिकावं. तिथे तो हेतू बराचसा साधला.

पण २००१ मध्ये डेन्मार्कच्या रोसेनवोल्ड आणि सहकाऱ्यांनी नेमकी उलटी वाट धरली. शेवटचे तीन आठवडे पचणारं पिष्ट कमी आणि चरबी जास्त असं खाद्य देऊन त्यांनी स्नायूतलं ग्लायकोजेन मुद्दाम घटवलं, म्हणजे सामू घसरायला इंधनच कमी मिळेल. एक गट शिदोरी भरतो, दुसरा काढून घेतो, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. प्रवास दहा-बारा तासांचा, जनावरं उपाशी आणि थकलेली असतील तर साखर कामाची. प्रवास छोटा, पण गरम आणि भीतीचा असेल तर तीच साखर आगीत तेल.

बेळगाव-गोवा रस्ता तीन-पाच तासांचा. तो या दोन टोकांच्या मधोमध पडतो, आणि ऋतूप्रमाणे इकडे-तिकडे सरकतो. आषाढातल्या थंड पावसात, घाटात दरड पडून गाडी रात्रभर अडकली तर गूळपाण्याने बरं वाटेल. चैत्रातल्या उन्हात गाडी भरताना पाजलेलं गूळपाणी मांसाला बाधण्याचीच शक्यता जास्त. गुळात पोटॅशियम-मॅग्नेशियमही असतं हे खरं, पण वर सांगितलेल्या प्रयोगांतली मात्रा गुळातून गाठायची तर जनावराला गूळ किलोंनी चारावा लागेल. हिरण्यकेशीसारख्या साखर कारखान्यांच्या पट्ट्यात मळी सहज मिळते म्हणून तीही लोक सुचवतात. तिच्यात क्षार अधिक, पण जास्त झाली की पोट सुटतं.

बाकीच्या पुड्या

कोंबड्यांच्या गाड्यांआधी पाण्यातून क जीवनसत्त्व आणि इलेक्ट्रोलाइट देणं आता सगळीकडे रुळलं आहे. डुकराला क जीवनसत्त्व बाहेरून फारसं लागत नाही, ते स्वतःच बनवतं. इलेक्ट्रोलाइटचं बोलणं वेगळं. कॅनडातल्या लॅकोंब इथे श्यफर यांच्या गटाने प्रवासात घटणारं वजन आणि पाणी भरून काढणाऱ्या मिश्रणांवर दीर्घकाळ काम केलं. त्याचा भर ताण शमवण्यापेक्षा तूट भरण्यावर आहे, आणि तेवढ्यापुरता त्याचा पुरावा बाकी पुड्यांपेक्षा मला भक्कम वाटतो.

ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम मांसाचा टिकाऊपणा वाढवतात, भीती कमी करत नाहीत. बीटेन पेशीतलं पाणी धरून ठेवतं, म्हणून गरमीत त्याची शिफारस होते. क्रोमियमचे निकाल विखुरलेले. अश्वगंधा, तुळस अशा आपल्या वनस्पतींवर कोंबड्यांमध्ये बरंच काम झालं आहे, डुकरांमध्ये फारच थोडं, आणि ते गाडीत चढवून केलेलं तर त्याहून थोडं. अॅझापेरोनसारखी शांत करणारी औषधं काम करतात, पण ती पूरक नव्हेत. त्यांचा अंश मांसात राहतो, म्हणून कापण्याच्या तोंडावर त्यांचा विचारही नको.

भरलं पोट की रिकामं

पुड्यांच्या चर्चेत एक अडचण वारंवार मागे पडते. डुकरालाही गाडी लागते. भरल्या पोटी चढलेलं जनावर वळणांवर ओकतं, आणि पोट फुगलं तर छातीवर दाब येऊन धाप वाढते. कापताना आतडं फाटून मांस नासण्याचा धोका असतो तो निराळाच. म्हणून प्रवास आणि विसावा धरून कापण्याआधी १२ ते २४ तास खाद्य बंद आणि पाणी चालू, अशी शिफारस जगभर आहे. मग खाद्यातलं पूरक द्यायचं कधी? एक तर पाच-सात दिवस आधीपासून, शेवटची रात्र सोडून, किंवा पिण्याच्या पाण्यातून. ऐन गाडी भरताना घमेल्यात कालवून दिलेल्या घासाला विज्ञानाचा कुठलाच आधार नाही, मग तो पुडीचा असो की गुळाचा.

आधी फळी नीट करा

या क्षेत्रात दुसरा मोठा गट हाताळणीवाल्यांचा. अमेरिकेतल्या टेम्पल ग्रँडिन यांनी जनावराच्या डोळ्याने गाडी, बोळ आणि फळी पाहायला शिकवलं. चढण २० अंशांपेक्षा तीव्र नको, घसरू नये म्हणून पट्ट्या हव्यात, समोर उन्हाची तिरीप किंवा हलती सावली नको. अनोळखी कळप एकत्र करू नयेत, विजेची काठी वापरू नये, आणि उतरल्यावर कापण्याआधी दोन-चार तास सावलीत, पाण्याच्या फवाऱ्यात विसावा द्यावा. शेडमध्ये माणूस रोज कळपातून शांतपणे चालत गेला तरी जनावरं गाडी भरताना कमी बिथरतात. या उपायांचा पुरावा कुठल्याही पुडीपेक्षा एकसंध आहे, आणि यातले बरेच फुकट आहेत.

आपला कायदाही याच बाजूचा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखालचे १९७८ चे प्राणी वाहतूक नियम जनावर प्रवासाला धड आहे असा पशुवैद्याचा दाखला मागतात. २०१६ पासून लागू झालेल्या मोटार वाहन नियमांत प्रत्येक डुकराला ०.६ चौरस मीटर जागा ठरवली आहे. साडेआठ फूट लांब, साडेपाच फूट रुंद हौद्याच्या पिकअपचं क्षेत्रफळ होतं साधारण ४.३ चौरस मीटर, म्हणजे नियमाने सात जनावरं. युरोपचा नियम शंभर किलोच्या डुकराला सुमारे ०.४२५ चौरस मीटर देतो, तिथल्या हिशेबाने याच हौद्यात दहा बसतील. कागदावर आपण युरोपपेक्षा उदार आहोत, आणि आपल्या हवेत ते योग्यही आहे. रस्त्यावर सात जनावरांची गाडी मात्र मला क्वचित दिसली.

पूरकवाल्यांचं म्हणणं असं की हाताळणी सुधारायला वेळ, शिक्षण, गुंतवणूक लागते, तोवर पुडीने थोडा त्रास वाचत असेल तर का नको? प्राणीकल्याणवाल्यांची शंका अशी की पुडीने जनावर गप्प झालं तर वाईट गाडी तशीच चालू राहील, ओरडणारं जनावर निदान काहीतरी चुकतंय हे सांगत असतं. दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे. यात मोजमापाचाही गुंता आहे. बहुतेक प्रयोग यश मोजतात ते मांसाच्या रंगावर आणि पाण्यावर. मांस चांगलं आलं म्हणजे जनावराला त्रास कमी झाला, असं धरून चालणं सोयीचं असलं तरी सिद्ध झालेलं नाही. रक्तातलं कॉर्टिसोल मोजावं तर रक्त काढायला धरल्यानेच ते चढतं.

२०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलमधून आफ्रिकन स्वाइन फीवर देशात शिरल्यापासून गाडीकडे पाहण्याची नजरही बदलली आहे. न धुतलेला हौदा एका शेडचा विषाणू दुसऱ्या शेडला नेतो आणि या रोगावर पुडीही चालत नाही, औषधही नाही. गाडी धुणं, जंतुनाशक मारणं, खरकटं उकळूनच घालणं हे आता ताणाच्या आधीचं काम झालं आहे.

तूट कुणाची

माझ्या मते आपल्या भागात हा सगळा प्रश्न शेवटी वजनकाट्याशी येऊन थांबतो. मांस फिकट पडलं तर नुकसान होतं ते कापणाऱ्याचं आणि चोरीस करणाऱ्याचं. वाटेत जनावर गेलं तर व्यापाऱ्याचं. शेतकऱ्याच्या दारात जिवंत वजनावर सौदा झाला असेल तर गाडी हलल्यावर त्याचा त्या जनावराशी संबंध संपतो. मग पाच दिवस मॅग्नेशियम घालायचा खर्च त्याने का करावा? उलट दारात वजन होणार म्हटल्यावर आदल्या रात्री पोटभर चारायचा मोह होतोच, व्यापारीही ते ओळखून घट धरतो, आणि दोघांच्या या रस्सीखेचीत जनावर भरल्या पोटी घाट उतरतं. डेन्मार्कमध्ये कत्तलखाने शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांचे होते. फिकट मांसाचं नुकसान फिरून शेतकऱ्याच्याच खिशाला लागत होतं, म्हणून सुधारणा वरपासून खालपर्यंत झिरपली. आपल्याकडे ती साखळी तुटक आहे. उसाला आणि दुधाला सहकार उभा करणाऱ्या या पट्ट्यात डुकराला तो कधी लाभला नाही.

जे अजून सुटलेलं नाही

बहुतेक प्रयोग थंड देशांतले, सपाट रस्त्यावरचे, मोजून खाणाऱ्या जनावरांवरचे. गरम पठारावरून दमट किनाऱ्याला उतरणाऱ्या गाडीत मॅग्नेशियम चालतं की इलेक्ट्रोलाइट, पावसाळ्याचा आणि उन्हाळ्याचा सल्ला वेगळा हवा का, खरकट्यावर वाढलेल्या जनावराला कशाची उणीव असते, मिश्र संकरात दोषी जनुक किती पसरलं आहे, हे चारही प्रश्न उघडे आहेत. त्यांची उत्तरं शोधायला फार मोठी प्रयोगशाळा लागत नाही. गुवाहाटीजवळ राणी इथलं राष्ट्रीय वराह संशोधन केंद्र, जुन्या गोव्याची संस्था, बिदरचं पशुवैद्यकीय विद्यापीठ आणि शिरवळचं महाविद्यालय यांपैकी कुणीही दोघांनी मिळून एका ऋतूत वीस-पंचवीस गाड्यांचा हिशेब ठेवला, अर्ध्यांना पुडी, अर्ध्यांना नुसतं पाणी, भरताना आणि उतरवताना वजन, आणि कापल्यावर पाऊण तासाने सामू, एवढं केलं तरी आजच्यापेक्षा कितीतरी पुढे जाता येईल.

त्या निपाणीच्या मालकाला मी जे सांगितलं ते यातूनच गाळलेलं होतं. गूळ राहू द्या. आदल्या रात्रीपासून खाद्य बंद, पाणी चालू ठेवा. गाडी उन्हं उतरल्यावर किंवा पहाटे भरा. फळी लांब करा, म्हणजे चढ कमी होईल. त्यावर गोणपाट ठोका. सात म्हणजे सातच घाला. पुडी द्यायचीच असेल तर पाच दिवस आधीपासून द्या, आणि हगवण दिसली की थांबवा. शिवाय गाडी निघताना आणि तिकडे पोचल्यावर, दोन्हीकडचं वजन वहीत लिहून ठेवा, म्हणजे कशाने फरक पडला ते तुमचं तुम्हालाच कळेल.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ते व्हय, पण तिकडचं वजन मला कोण दाखवणार?"